पावसात पेटविलेली शेकोटी

(मननासाठी शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये, अध्याय २८, वचने १ ते १०)



पनवेलीस पावसाची झोड लागली आणि गाढी नदीचे पाणी गढूळ होऊन चढू लागले, म्हणजे आम्हांस पौलाच्या फुटलेल्या गलबताची आठवण झाल्यावाचून राहत नाही. चौदा रात्री वादळाने हेलकावे खाल्लेले ते गलबत अखेर वाळूत रुतले व लाटांच्या माराने मोडले. त्यावर एकंदर २७६ माणसे होती. कोणी पोहत, कोणी फळीच्या आधाराने, अशी ती सर्व जिवंत किनाऱ्यास लागली. किनारा कोणता हेही त्यांस ठाऊक नव्हते. मागाहून कळले की हे मिलिता नावाचे बेट, म्हणजे आजचे माल्टा होय. पाऊस पडत होता, अंग गारठले होते, आणि समोर उभे असलेले लोक परक्या भाषेचे होते.

ह्या पहिल्या दहा वचनांत पौलाच्या उपदेशाचा एक शब्दही लूकाने नोंदलेला नाही. त्याने काय नोंदले आहे? त्या बेटावरील लोकांनी एक शेकोटी पेटविली, एवढे. ज्या ग्रंथात राजे व सुभेदार येतात, तुरुंगाची दारे आपोआप उघडतात, त्याच ग्रंथात चार ओल्या लाकडांच्या जाळास जागा मिळाली आहे. लूक स्वतः त्या गलबतावर होता. म्हणून तो तेथे ‘आम्ही’ असे लिहितो. जो स्वतः भिजून कुडकुडला, त्यासच ती शेकोटी विसरता आली नाही.

बंधूंनो, त्या लोकांनी आधी चौकशी केली नाही, ही गोष्ट लक्षात घ्या. त्या २७६ जणांत कैदी होते, शिपाई होते, खलाशी होते. कोण कोणत्या धर्माचा, कोणाच्या हातात बेडी, हे विचारून मग जाळाजवळ बसविण्याचा क्रम त्यांनी ठेवला नाही. भिजलेले माणूस दिसले, लाकडे आणली, जाळ केला. चौकशीस पुढे तीन महिने होतेच.

आता दूरच्या बेटावरून आपल्याच कोकणपट्टीकडे वळू या. पनवेल शहरात एक यहूदी सभास्थान आहे. ते १८४९ साली स्थापन झाले. त्याचे नाव ‘बेथ एल’, म्हणजे देवाचे घर. हे नाव कोणी व कोठे दिले, हे आपणांस उत्पत्तीच्या २८व्या अध्यायावरून ठाऊक आहे. याकोब घर सोडून परमुलखास निघाला होता. रात्र पडली, जवळ कोणी नाही, उशाला धोंडा घेतला आणि उघड्यावर निजला. त्या जागी त्याला देव भेटला, म्हणून त्याने तिला बेथेल म्हटले. पनवेलीच्या त्या सभास्थानावर असे एका बिऱ्हाड नसलेल्या वाटसरूने दिलेले नाव आहे, आणि ते बांधणाऱ्या लोकांचा इतिहास पाहिला म्हणजे ते नाव किती यथार्थ आहे हे कळते.

ते लोक बेने इस्राएल. त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या अशी परंपरा सांगितली जाते की, फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे गलबत चौलच्या बंदराजवळ फुटले, आणि त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया एवढीच माणसे अलिबागेजवळील नवगावच्या किनाऱ्यास लागली. बुडालेल्यांची प्रेते नवगावासच पुरली. ग्रंथ समुद्रात गेले, सामान गेले. उरले ते थोडके: एकच देव आहे ही प्रार्थना, मुलांची सुंता, शब्बाथाचा विसावा, आणि कोणता मासा खावा व कोणता खाऊ नये ह्याचा नियम. तेवढ्या शिदोरीवर त्यांनी कुलाबा जिल्ह्याच्या गावोगावी शतकानुशतके काढली. कुलाबा म्हणजे आजचा रायगड.

गावांनी त्यांस काय दिले? जे दिले ते पाहू गेल्यास अगदी लहान दिसते. तेलाचा घाणा चालविण्यापुरती जागा दिली. ते शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. वाचकहो, ह्या नावाचा थोडा विचार करा. ज्या गावात प्रत्येकाचा उद्योग ठरलेला, तेथे एक परका मनुष्य आठवड्यातून एक दिवस तेल काढीत नाही. गाव त्याला म्हणू शकत होते की, तू आमच्यासारखा राहा, नाहीतर चालता हो. गावाने तसे न म्हणता त्याच्या विश्रामदिवसावरून त्याला नाव दिले आणि तेल शुक्रवारी नाहीतर रविवारी नेले. पुढे त्याच गावांची नावे त्यांची आडनावे झाली: किहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर. ज्यांच्या पूर्वजांस किनारा कोणता हे ठाऊक नव्हते, त्यांचे वंशज त्या किनाऱ्याच्या नावाने ओळखले जाऊ लागले. त्यांचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल हे स्वतः किहीमकरच होते.

ह्या लोकांस एलीया संदेष्ट्याविषयी विशेष प्रेम आहे. नवस फेडताना अथवा मंगलकार्यात ते पोहे, ओले खोबरे, साखर व फळे ह्यांचा मलिदा करून एलीयाचे स्मरण करतात. अलिबागेजवळ खंडाळे गावी एक खडक आहे. एलीयाचा रथ येथे टेकला होता अशी त्यांची श्रद्धा आहे. हाच एलीया एकदा परदेशात भुकेला होता हे आपण विसरू नये. दुष्काळात तो सीदोनाच्या सारफथ गावी गेला. तेथे एक विधवा काटक्या वेचीत होती. तिच्यापाशी मडक्यात मूठभर पीठ व कुपीत थोडे तेल एवढेच होते. ती इस्राएलाची नव्हती, आणि तो तिच्या लोकांपैकी नव्हता. तरी तिने त्याला पाणी दिले व आधी त्याच्यापुरती भाकरी भाजली. प्रभू येशूने नासरेथाच्या सभास्थानात ह्याच विधवेची आठवण करून दिली, तेव्हा ऐकणारे एवढे रागावले की त्यांनी त्याला गावाबाहेर काढून कड्यावरून लोटण्याचा यत्न केला. परक्या बाईने दाखविलेली दया आपल्या लोकांस बोचते, ही गोष्ट आजची नाही.

आता बेने इस्राएल लोकांच्या कथेतील दुसरा भाग सांगतो, कारण त्याचा संबंध आपल्या मंडळ्यांशी फार जवळचा आहे. १९४८ साली इस्राएलाचे राष्ट्र स्थापन झाले आणि पुढील वर्षांत आपल्या कोकणातील व मुंबईतील ही हजारो माणसे तिकडे गेली. ज्या भूमीचे नाव त्यांनी शतकानुशतके प्रार्थनेत घेतले, तेथे ती स्वधर्मीयांत राहावयास चालली होती. मग परकेपणा उरेल कसा? पण तो उरला. कामाच्या व घराच्या बाबतीत आपणांस खालचे लेखले जाते, असे त्यांतील कित्येकांस वाटले. निदर्शने झाली, आणि १९५२ साली काही कुटुंबे भारतात परतलीही. पुढे १९६२ साली तेथील मुख्य धर्मगुरूंच्या कचेरीकडून अशी सूचना निघाली की, बेने इस्राएल माणसाचे लग्न इतर यहूद्यांत लावावयाचे असेल तर त्याच्या वंशाची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. ज्यांनी पुस्तक नसताना शब्बाथ राखला, त्यांस स्वधर्मीयांनीच विचारले की तुम्ही खरोखर आमचे आहा काय! लोकांनी धरणे धरले, आंदोलन केले. तेव्हा १९६४ साली सरकारने जाहीर केले की हे सर्व बाबतींत पूर्ण यहूदीच आहेत, आणि सूचनेतील त्यांचा खास उल्लेख काढावा लागला.

त्या कठीण वर्षांत त्यांस आधार कशाचा होता? एकमेकांचा. बीर शेबा, दिमोना, अश्दोद, रामला, लोद ह्या गावी ती एकमेकांच्या जवळ राहिली. मलिदा तेथेही होत राहिला. घरात मराठी बोलली गेली. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी तेथे चालविले. कोकणात असताना ज्यांनी इस्राएलाची आठवण राखली, त्यांनी इस्राएलात राहून कोकणाची आठवण राखली.

ही कथा आम्ही दुसऱ्या लोकांस दोष लावण्यासाठी सांगितली नाही. ती सांगण्याचे कारण असे की, परधर्मी शेजाऱ्याने जागा दिली आणि स्वधर्मी भावाने दारात उभे करून वंशावळी विचारली, असे पनवेलीच्या आमच्या मंडळीतही घडले आहे, आणि त्यात पहिला अपराध आमचा आहे.

आमच्या तालुक्यात ऑक्टोबर २०२५ मध्ये नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याच्या आसपास व खाडीच्या अंगाने इमारती उठत आहेत, आणि कामासाठी दूरदूरच्या प्रांतांतून माणसे येत आहेत. अशांपैकी झारखंडाकडील एक तरुण जोडपे, कडेवर लहान मूल घेऊन, आमच्या उपासनेस येऊ लागले. ती दोघे अगदी मागे, दाराजवळ बसत. आम्ही वेदीवरून त्यांस पाहिले. उपासना संपल्यावर हात जोडून ‘जय ख्रिस्त’ म्हटले. वडीलजनांनीही म्हटले. एकाने ती कोणत्या मिशनाची, कोणत्या जातीची, पत्र आणले आहे काय, असे विचारले. ती हिंदीत काहीतरी अडखळत बोलली, आणि चौकशी तेथेच थांबली. असे चार रविवार झाले. पाचव्या रविवारी ती आली नाहीत. सहाव्यासही नाहीत. आमच्या नोंदवहीत त्यांचे नाव नव्हते, म्हणून ती न आल्याची नोंदही झाली नाही.

नंतर एके संध्याकाळी गल्लीच्या टोकाच्या पिठाच्या गिरणीचे मालक आमच्या दारी आले. ते मुसलमान गृहस्थ, वयाने वृद्ध. म्हणाले, “पाद्रीसाहेब, तुमची माणसे आहेत म्हणून सांगायला आलो. त्यांच्या पोराला आठ दिवस ताप होता. मी दवाखान्यात नेऊन आणले. आता बरे आहे. पण बाई एकटी रडते, तिच्याशी बोलणारे कोणी नाही.” ती बाई दोन-दोन किलो गहू दळावयास आणी, मूल कडेवर मलूल पडलेले त्यांनी पाहिले, आणि दळण ठेवून आधी दवाखाना गाठला. एवढेच त्यांनी केले. ‘तुमची माणसे’ हे दोन शब्द ते सहज बोलून गेले. पण त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. जी माणसे आमची आहेत हे गिरणीवाल्यास कळले, ते आम्हांस चार रविवारांत कळले नव्हते.

मिलिता बेटाच्या गोष्टीत एक सर्पही आहे, त्याचा अर्थ आम्हांस त्या रात्री समजला. पौलाच्या हाताला सर्प झोंबला, तेव्हा ज्या लोकांनी शेकोटी केली तेच आपसांत म्हणू लागले की हा खुनी असला पाहिजे. म्हणजे दयाळू माणसाच्या मनातही परक्याविषयी संशय लगेच उठतो. परका आजारी पडला तर त्याच्या वस्तीची घाण. चोरी झाली तर आधी त्याचीच झोपडी. बेटावरील लोकांची थोरवी एवढी की संशय आला तरी त्यांनी जाळ विझविला नाही. आणि पुढे आपले मत बदलण्यासही ते लाजले नाहीत. आमच्या मंडळीत मात्र संशय उघड बोलला गेला नाही, आणि जाळही पेटला नाही.

ह्यावर कोणी म्हणेल, पाळकसाहेब, आपण गरीब मंडळी; आलेल्या प्रत्येकास कोठून देणार? त्यास आमचे उत्तर असे की, परदेशी माणसास बहुतेक वेळा जे हवे असते त्याला पैसा लागत नाही. कल्याणास जन्मलेल्या आनंदीबाई जोशी ह्यांची हकीगत पाहा. त्यांस वैद्यकी शिकावयाची होती. त्यांचे पती गोपाळराव ह्यांनी साहाय्यासाठी पत्र लिहिले, ते अमेरिकेतील एका मिशनरी मासिकात छापले गेले. आश्वासन मिळाले नाही. ख्रिस्ती व्हावे असा उपदेश मात्र मिळाला. तेच मासिक न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर ह्यांच्या दृष्टीस पडले. त्या बाईने ह्या अनोळखी मुलीस पत्र लिहिले. पत्रामागून पत्रे गेली. आनंदीबाई त्यांस मावशी म्हणू लागल्या. जून १८८३ मध्ये १८ वर्षांच्या आनंदीबाई न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या, तेव्हा ही मावशी त्यांस न्यावयास आली होती. निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथील भाषणात आनंदीबाईंनी स्पष्ट सांगितले होते की आपण हिंदू म्हणून जाणार व हिंदू म्हणूनच परत येणार. कार्पेंटरबाईंनी तिला त्या अटीवर घरात घेतले, कारण त्यांनी स्वतःची कोणतीच अट घातली नव्हती.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंस फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या. वर्षही पुरते झाले नव्हते तोच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, क्षयाने पुण्यास त्यांचा अंत झाला. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविल्या गेल्या, आणि त्या बाईंनी त्या न्यूयॉर्क राज्यातील पौकिप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेविल्या. उपदेश करणाऱ्याचे शब्द सत्य नव्हते असे आम्ही म्हणत नाही. पण परमुलखातील त्या मुलीला ख्रिस्ताचे प्रेम दिसले असेल, तर ते उपदेशाच्या उत्तरात दिसले असेल, की धक्क्यावर उभ्या असलेल्या मावशीत, ह्याचा निर्णय प्रत्येक उपदेशक बंधूने आपल्या मनाशी करावा.

आता जे आपल्यांतून परदेशी जातात त्यांच्यासाठी दोन शब्द. आमच्या मंडळीतला एक तरुण आखातात नोकरीस आहे. त्याचे पत्र आले, ते त्याच्या आईने आम्हांकडून वाचून घेतले. तो लिहितो की, पहिले दोन महिने खोलीत आपल्या भाषेचा कोणी नव्हता. रात्रपाळी करून आले की सर्वजण निजलेले असत. पण शेजारच्या खाटेवरचा पाकिस्तानी मनुष्य दररोज एका वाटीत डाळ काढून वर ताटली झाकून ठेवी. बोलणे फार होत नसे. वाटी मात्र चुकत नसे. पुढे एका मल्याळी बंधूने त्यास शुक्रवारच्या उपासनेस नेले. त्याने पुढे लिहिले आहे: “आता खोलीत नवा माणूस आला की वाटी मी झाकून ठेवतो.”

ह्या शेवटच्या वाक्यात फार मोठी शिकवण आहे. मिलितावर शेकोटी पेटली, तेव्हा पौल हात पसरून नुसता शेकत बसला नाही. त्याने उठून काटक्यांची मोळी गोळा केली व जाळावर घातली. तो पाहुणा होता, कैदी होता, थकलेला होता. तरी परक्या जाळात त्याने आपली काटकी घातली. यिर्मया संदेष्ट्याने बाबेलातील बंदिवानांस पत्र पाठविले, त्याचाही आशय हाच होता: घरे बांधा, मळे लावा, आणि ज्या नगरात आहा त्याच्या कल्याणासाठी झटा व प्रार्थना करा. म्हणून मुलांनो, जेथे जाल तेथील चार शब्द शिका. आजाऱ्यास पाणी द्या. आपल्या गावच्या खाऊतला घास आधी शेजाऱ्यास द्या. जो केवळ आपल्या लोकांची वाट पाहत बसतो, त्याचा परकेपणा सरत नाही.

आणि आपण जे गावी राहतो, त्यांनी काय करावे? आम्ही आमच्या मंडळीत जे ठरविले तेवढेच सांगतो. पहिले असे की, उपासनेनंतर नव्या माणसाजवळ प्रथम पाळकाने अथवा उपदेशकाने जाऊन बसावे, आणि मिशन, जात किंवा पत्र ह्यांविषयी न विचारता, कोठे राहता व जेवण कोठे होते, एवढेच विचारावे. दुसरे, तो पुढील रविवारी आला नाही तर त्याच आठवड्यात कोणीतरी त्याच्या दारी जावे. तिसरे, वीटभट्टी, बांधकाम अथवा ऊसतोडीसाठी आलेल्यांपैकी ज्यांस आपले गीत आपल्या बोलीत म्हणावयाचे असेल, त्यांस ते म्हणू द्यावे, आम्हांस एक शब्द कळला नाही तरी चालेल. चौथे, गावातील जो परधर्मी शेजारी अशा माणसाच्या उपयोगी पडला असेल, त्याच्याकडे जाऊन मंडळीतर्फे आभार मानावे.

हे चौथे करावयास आम्ही स्वतः गिरणीत गेलो. वृद्ध गृहस्थ पिठाने पांढरे झालेले हात झटकीत म्हणाले, “त्यात काय साहेब? माझा मुलगाही बाहेर आहे.” ह्याहून चांगले प्रवचन आम्ही आजवर केलेले नाही. मोशेच्या नियमशास्त्रात परदेशी माणसावर प्रीती करण्याची आज्ञा आहे, आणि तिचे कारणही तेथेच दिले आहे, की तुम्हीही मिसर देशात परदेशी होता. गिरणीवाल्याने ते कारण वाचले नव्हते. ते त्याच्या घरातच होते.

ते जोडपे पुन्हा उपासनेस येऊ लागले आहे. आमची क्षमा मागून झाल्यावर तो तरुण खाली पाहून हसला. बाई काही बोलली नाही. तिचा विश्वास परत मिळविण्यास आम्हांस वेळ लागेल, आणि लागावा हे न्याय्यच आहे. गेल्या रविवारी मात्र मंडळीतील एका विधवा बहिणीने त्या मुलाला मांडीवर घेतले, आणि सबंध उपासनाभर ते तिथेच निजले.

प्रियहो, न्यायाच्या दिवशी राजा आपणांस काय विचारणार आहे, हे मत्तयाच्या २५व्या अध्यायात लिहून ठेवलेले आहे. त्या यादीत अवघड असे एकही काम नाही: भाकरी, पाणी, वस्त्र, आजाऱ्याची भेट, आणि परक्यास घरात घेणे. आज रात्री पाऊस पडत असेल, आणि आपल्या गावच्या वेशीवर कोणीतरी भिजत उभा असेल. आपल्यापाशी चार काटक्या असतील तर त्या वाळवून ठेवू नका, पेटवा.

जो स्वतः गव्हाणीत निजला, ज्याला मिसर देशात परका होऊन राहावे लागले, आणि ज्याला डोके टेकावयास ठिकाण नव्हते, तो आपला प्रभू येशू ख्रिस्त तुमच्या दूर गेलेल्या लेकरांस वाटेवर शेकोटी देवो, आणि दुसऱ्यांच्या लेकरांसाठी तुमच्या हातून ती पेटवो. आमेन.